राखणदाराची माती

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांपैकी काहीजण जागेवरून हलत नाहीत आणि काहींना जागेवर बसवत नाही. कमलाक्षी या दुसऱ्यांपैकी.

तिचे वडील, कृष्णनाथ हेडमास्तर, श्रावणात गेले. तेव्हापासून दर शनिवारी ती म्हापशाहून डिचोली तालुक्यातल्या आपल्या माहेरी यायची आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी झाडू हातात घ्यायची. माळा झाडून झाला. कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. बलकांवातली, म्हणजे दारापुढच्या ओसरीतली, वडिलांची आरामखुर्ची कधी या भिंतीला, कधी त्या भिंतीला लागली, पण तिच्यात कुणी बसलं नाही. अंगणात आंब्या-फणसाचा पातेरा पडायचा, तो ओढून ती ढीग करायची आणि काडी लावायची. धूर थेट स्वयंपाकघरात शिरायचा.

"अगो, माझे डोळे गेले!" आई, पद्मावती, पदराने नाक झाकत बाहेर यायची. "पातेऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"घर स्वच्छ नको का, आई?"

"स्वच्छ आहे गो. आता भिंतीचा रंग तेवढा झाडून काढायचा राहिलाय."

कमलाक्षी हसायची नाही. ती ढीग पुन्हा सारखा करायची. वाचकहो, पातेरा दिसला की काडी लावायची ही सवय तिची एकटीचीच होती असं समजू नका. संध्याकाळी आपल्या कुठल्याही वाड्यावरून चक्कर मारा, दर दोन अंगणांआड एक धूर दिसेल.

घराच्या मागे कुळागर होतं. पोफळी, माड, त्यांच्यावर चढवलेल्या मिरीच्या वेली. कुळागर संपलं की वाळवंटी नदीपर्यंत झाडांचा एक पट्टा होता: उंडी, करंज, जांभूळ, वाळुंज, मधूनमधून केवड्याची बेटं. पायाखाली कुजक्या पानांत घोटा बुडे. या पट्ट्यात झाडू न्यायचा नाही, कोयता न्यायचा नाही, टोपलीभर मातीसुद्धा उचलायची नाही, असा वडिलांचा नियम होता. का, तर तिथे राखणदार आहे. वर्षातून एकदा ते त्याच्या नावाने एका उंडीच्या बुंध्याशी रोट आणि नारळ ठेवून येत.

कमलाक्षी कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकांत वाढलेली, पुस्तकांवर जगलेली. मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस अदृश्य राखणदाराला नारळ देतो, याची तिला शाळेत असल्यापासून लाज वाटे. मैत्रिणी घरी आल्या की ती त्यांना कुळागर दाखवी आणि तिथूनच परत फिरवी.

माघात ती एका ओळखीच्या घरी गेली होती. त्या गावात कुणी वडिलांच्या स्मरणार्थ नदीला घाट बांधला होता. चिऱ्यांच्या पायऱ्या, स्टीलचा कठडा, संगमरवरावर कोरलेलं नाव. कुठे पान नाही, चिखल नाही. त्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर तिला कित्येक महिन्यांनी धड श्वास घेता आला. आपल्या बाबांचंही असंच काहीतरी हवं! वर्षश्राद्धाला त्या घाटावर उभं राहून पाणी सोडायचं. म्हणजे काम पावसाळ्याआधी उरकायला हवं. म्हणजे नदीकाठच्या पट्ट्यातली झाडं आत्ताच काढायला हवीत.

"विचार कर गो," आई एवढंच म्हणाली.

"कसला विचार? राखणदाराचा?"

आई तांदूळ निवडत राहिली.

*

यंत्रवाला गोकुळदास दोडामार्गचा. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचे ट्रक खनिज वाहत. खाणी बंद पडल्यावर त्याने ट्रक विकून माती उपसायचं मशीन घेतलं. चैत्रातल्या एका शुक्रवारी तो जागा बघायला आला, म्हणून कमलाक्षीने रजा काढली. त्याने चुन्याच्या डब्यात फडकं बुडवून काढायच्या झाडांवर पांढरे पट्टे ओढले.

"ताई, राखणदाराक कळवलात मां?" त्याने पट्टा ओढता ओढता विचारलं. "नायतर आमचो डायवर मशीनवर चढाचो नाय."

"तुमच्या ड्रायव्हरला सांगा, राखणदार निवृत्त झाला."

"तेका पेन्शन तरी द्या मगे. एक नारळ."

"गोकुळदास, तुम्ही कामाचं बोला."

"कामाचाच बोलतंय." तो वाकला, पातेरा बाजूला सारून त्याने मूठभर माती उचलली. काळी, भुसभुशीत. "ही वरची माती हरमलाक एका हाटेलवाल्याक व्हयी आसा. बागेक. तो टिपर धाडतलो, घेऊन जातलो. तुमचा काम हलका, तेची बाग हिरवी. सोमवारी येतंय मशीन घेऊन."

कमलाक्षीने मान हलवली. हरमलच्या समुद्रकाठी पाहुण्यांच्या खोल्यांसमोर हिरवळ लावायला ही माती जाईल तर जाऊ दे. इथे नाहीतरी तिच्यावर फरशी येणारच होती.

आईने मात्र त्या संध्याकाळी पेडण्याला भावाला फोन लावला.

*

शनिवारी सकाळच्या बसने रामचंद्रमामा आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत वाटेत पोदेराकडून, पाववाल्याकडून, घेतलेले गरम उंडे पाव. मामा सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. माणसांपेक्षा मातीशी बोलण्यात त्यांची जास्त वर्षं गेली होती, असं आई म्हणे. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत, त्यावरून ते खरंही वाटे.

उंडा अळसांद्याच्या भाजीत बुडवत ते म्हणाले, "घाट बांधतेस असं ऐकलं."

"आईने तक्रार केली ना तुमच्याकडे?"

"केली. मी म्हटलं, बांधू दे. बापाच्या नावाने पोरगी काही करते, आपण कोण आडवे येणार? मला फक्त दोन ढेकळं दे. एक तुमच्या राखणदाराच्या जागेतलं आणि एक वरच्या कुळागरातलं."

वरचं कुळागर म्हणजे नदीच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचं. त्याने काही वर्षांमागे काठ साफ करून घेतला होता, नजर नदीपर्यंत मोकळी जावी म्हणून. कमलाक्षी मामांबरोबर तिथे गेली. काठ लाल, उघडा, मधूनच तुटून नदीत बसलेला. नदीलगतच्या पोफळींची वरची पानं पिवळी पडलेली. मामांनी एक ढेकूळ उचललं. मग आपल्या बाजूच्या उंडीखालून दुसरं. दोन्ही बलकांवाच्या कठड्यावर उन्हात ठेवली.

"आता?" कमलाक्षीने विचारलं.

"आता वाळू दे."

"किती वेळ?"

"उद्यापर्यंत. ओल्या ढेकळाची परीक्षा होत नाही. तू बस."

बस! तिला तो शब्द चाबकासारखा लागला. ती बसली, उठली, पाणी आणायला गेली, पाणी न घेताच परत आली. ढेकळं उलटीपालटी करून पाहिली. शेवटी तिने झाडू उचलला.

मामांनी तो तिच्या हातून काढून घेतला आणि कुदळ दिली. "हात शिवशिवतायत ना? चल, खणू."

*

नदीपासून जवळ, पण काठापासून जरा आत, चुन्याचा पट्टा ओढलेल्या एका करंजाशेजारी त्यांनी कमरेइतका खड्डा खणला. बहुतेक कमलाक्षीनेच खणला. मामांनी खुरप्याने खड्ड्याची एक भिंत उभी साफ केली.

"वाच. तू ग्रंथपाल ना?"

सगळ्यात वर काळा थर, त्यात पांढऱ्या मुळांचं जाळं. त्याखाली विटेसारखा लाल. मग पुन्हा काळसर. मग पातळ लाल. मग पुन्हा काळा, आणि त्याखाली जुनी करडी पोयट्याची माती.

"हा लाल काय आहे?"

"खाणींची वर्षं. तेव्हा पावसाळ्यात नदी कशी यायची आठवतं?"

तिला आठवत होतं. शाळेत जाताना पुलावरून खाली पाहिलं की नदी काव कालवल्यासारखी दिसे. डोंगरावरच्या मातीचे ढीग पावसात धुपून खाली येत. काहींच्या शेतांवर तो गाळ बसला आणि वाळल्यावर सिमेंटसारखा कडक झाला.

"तुमच्या कुळागरात का नाही बसला?" मामांनी विचारलं.

 मामांनी तिला कुळागराच्या कडेला नेलं आणि तिथे दुसरा लहान खड्डा खणायला लावला. तिथे लाल थर नव्हताच. काळ्या मातीखाली थेट करडी माती.

"पूर झाडांत शिरला की दमतो," मामा म्हणाले. "बुंधे, मुळं, केवडा, पातेरा, सगळं त्याचा वेग मोडतं. वेग मोडला की हातातलं ओझं तो खाली ठेवतो. गाळ इथेच राहिला. त्यावर पुन्हा पानं पडली, कुजली, मुळं त्यात उतरली, आणि त्या मेलेल्या गाळाचीसुद्धा माती झाली. हे एका बाजूने. दुसऱ्या बाजूने, तुमच्या गोठ्याचं शेण, पोफळींना घातलेलं खत पावसाबरोबर नदीकडे धावतं. नत्र, स्फुरद, सगळं. ते इथे मुळं अडवतात, पानांत चढवतात, आणि पान गळलं की पुन्हा मातीला मिळतं. हा पट्टा नसता तर तुमचं खत समुद्रातल्या माशांनी खाल्लं असतं."

"आणि हा काळेपणा?"

"सेंद्रिय कर्ब. झाडांनी हवेतून घेतलेला, पानांतून आणि मुळांतून इथे ठेवलेला. मातीच्या कणांना तो धरून बसतो, माती त्याला धरून बसते. कोणी उचकटलं नाही तर वर्षानुवर्षं. तू अंगणात पातेरा पेटवतेस तेव्हा धूर तरी दिसतो गो. हे मशीनने उपसलंस, उन्हावाऱ्यावर टाकलंस, तर धूर दिसणार नाही. पण जळेल."

कमलाक्षी खड्ड्याच्या काठावर उभी होती. कपाळावरचा घाम तिने मातीच्याच हाताने पुसला.

"हे सगळं असताना बाबा राखणदाराच्या गोष्टी सांगत बसले?"

मामा पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघून बोलले. "तुझा बाप माझ्याकडे पिशवीत माती घेऊन आला होता. म्हणाला, रामचंद्र, सगळ्यांच्या बागा लाल झाल्या, माझी कशी वाचली? मी माती तपासली, सांगितलं. तो म्हणाला, हे मी गावात सांगितलं तर मास्तर भाषण देतो म्हणतील आणि कोयता घेऊन येतील. राखणदार तर आजोबांच्या वेळेपासून इथे आहेच. मी त्याला नारळ देतो, तो माझी माती सांभाळू दे."

"मला का नाही सांगितलं?"

"हेडमास्तर होता गो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती. तू विचारशील म्हणून वाट बघत असेल."

 कमलाक्षी खड्ड्यातली कुदळ घ्यायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

*

पण ऐकलेलं पटतंच असं नाही, आणि पटलेलं माणूस लगेच मान्य करतंच असंही नाही. रविवारी सकाळी ती पुन्हा घाटाचीच भाषा बोलत होती. थोडीच झाडं काढू. पायऱ्या अरुंद करू. माती हरमलला नको, इथेच टाकू. मामा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यामुळे ती आणखीच चिडत होती.

दुपारी जेवणं झाल्यावर मामांनी दोन काचेचे ग्लास मागितले. पाण्याने भरून बलकांवातल्या दगडी बाकावर ठेवले. ढेकळं आता खडखडीत वाळली होती.

"टाक."

तिने वरच्या कुळागरातलं ढेकूळ पहिल्या ग्लासात अलगद सोडलं. त्यातून बुडबुडे आले, आणि बघता बघता ते कडेने ढासळलं, फुटलं, तळाशी बसलं. पाणी गढूळ झालं. तळाशी लाल चिखल, वर लाल पाणी. खाणींच्या वर्षांतली नदीच जणू ग्लासात आली होती.

मग उंडीखालचं ढेकूळ. बुडबुडे आले. कमलाक्षी वाकून बघत राहिली. आता फुटेल, मग फुटेल. एक बारीक तुकडा सुटला, बाकीचं तसंच राहिलं. पाणी नितळ होतं. ग्लासातून पलीकडची आईची साडी दिसत होती.

"सिमेंट आहे का त्यात?" तिने विचारलं.

"पानं आहेत. मुळं आहेत. कुजून गेलेली, पण धरून ठेवणारी."

कमलाक्षी मागच्या मागे बसली. आपण वडिलांच्या आरामखुर्चीत बसलो आहोत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "चतुर्थीच्या आधी पूर आला होता, आठवतं? यांची रक्षा आपण इथूनच सोडली होती, यांनीच तसं सांगून ठेवलेलं. आणि मागोमाग नदी चढली. पाणी झाडांत शिरलं. उतरलं तेव्हा निवळ उतरलं. मी रोज बघत होते ना." ती नितळ ग्लासाकडे बघत होती. "मला आपलं वाटायचं, सगळेच काही समुद्राला गेले नसतील."

 मामा बहिणीकडे वळले.

"रक्षेत चुना असतो. स्फुरद असतं," ते म्हणाले. "गाळाबरोबर खाली बसतं, मुळं ते घेतात. किती राहिलं, ते मी सांगू शकत नाही, पद्मा. पण काहीच राहिलं नसेल, असंही कुठलाच मातीवाला सांगणार नाही."

इतक्यात कुळागराच्या पलीकडून घरघर ऐकू आली. आधी वाटलं रस्त्यावरचा ट्रक. मग घरघर वाढली, आणि लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला.

"मशीन!" कमलाक्षी ओरडली. "पण सोमवारी येणार होतं!"

ती धावली. पायात चपला नव्हत्या. पोफळींमधून, पाटावरून, लोळत्या पदराने ती धावत सुटली. नदीकडच्या वाटेने मशीन आत आलं होतं. एक कोवळं जांभळीचं झाड आडवं पडलं होतं आणि मशीनच्या लोखंडी तोंडात पहिला घास होता: काळी माती, तिच्यातून लोंबणारी पांढरी मुळं.

"थांबवा! गोकुळदास, बंद करा! बंद करा ते!"

ती मशीनच्या समोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने घाबरून इंजिन बंद केलं. नदीचा आवाज एकदम ऐकू आला.

गोकुळदास धावत आला. "काय झाला, ताई? उद्या माका दुसरीकडे काम लागला, म्हणान आजच इलंय. फोन लावलेलंय, तुमी उचललात नाय."

"घाट नको. काही नको. ती माती जिथून काढली तिथे ठेवा."

"आता ओ काय ता! परवा म्हणालात, राखणदार निवृत्त झालो."

"चुकले. तो कामावर आहे. मी पाहिला त्याला."

ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. गोकुळदासने डोळे बारीक केले. "खंय दिसलो तो?"

"ग्लासात."

"ग्लासात दिसता तो वेगळो, ताई! तो आमकाव दिसता!"

आणि कमलाक्षी हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने मशीनच्या तोंडात हात घालून त्या मातीची ओंजळ भरली. माती थंड होती. भर उन्हात थंड होती.

"चला," ती म्हणाली, "दाखवते तुम्हाला. तुमच्या ड्रायव्हरलाही घ्या."

त्या दुपारी बलकांवात दोन ग्लासांसमोर सगळे बसले. गोकुळदासने लाल पाण्याच्या ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं. खाणीच्या ट्रकांवर पोट भरलेल्या माणसाला त्या रंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. जाताना त्याने काढलेली माती स्वतःहून जागेवर दाबून बसवली. हरमलच्या हॉटेलवाल्याला काय सांगायचं, असं ड्रायव्हरने विचारलं, तर म्हणाला, "सांग, मालक वायट आसा. माती सोडणा नाय."

*

वर्षश्राद्धाला घाट नव्हता. झाडांवरचे चुन्याचे पट्टे पावसाने धुऊन टाकले होते. जिथे जांभूळ पडलं होतं तिथे कमलाक्षीने नवीन रोप लावलं होतं, आणि त्याच झाडाची आणखी रोपं मामांनी वरच्या शेजाऱ्याच्या गळी उतरवली होती. मामांच्या भाषेत, ढासळत्या काठाला टाके घालायला.

त्याआधी ग्रामसभेत ती उठून बोलली होती. नदीकाठ सुशोभित करायचा ठराव होता, त्यावर तिने दोन ग्लास ठेवून दाखवले. काहीजण हसले, काहीजण पुढे येऊन बघून गेले. ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबला. एवढंच झालं. पण एका सभेत काठ वाचत नाही, तो दर सभेत वाचवावा लागतो, हे ती आता समजून होती.

श्राद्धाच्या सकाळी आई म्हणाली, "अगो, भटजी येतील. अंगण तेवढं झाडून काढ."

कमलाक्षीने अंगण झाडलं. चांगलं लख्ख झाडलं. पातेऱ्याचा ढीग केला आणि काडेपेटी न शोधता तो टोपलीत भरला. टोपली डोक्यावर घेऊन ती कुळागरातून नदीकडे गेली आणि करंजांखाली रिकामी केली. मग उंडीच्या बुंध्याशी तिने एक रोट आणि एक नारळ ठेवला.

वाचकहो, गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी आपण जागा साफ करतो, फरशी घालतो, नाव कोरतो. भावना खरी असते, म्हणूनच ती चूक दिसत नाही. आपल्या गावात नदी असेल तर तिच्या काठची झाडं तशीच राहू द्या. त्यांच्या पायाशी पडलेलं पान कचरा नाही, आणि त्याखालची काळी माती फुकट पडलेली नाही. वरच्या डोंगराने सोडलेलं, आपल्या शेताने गमावलेलं, झाडांनी हवेतून वेचलेलं, असं सगळं ती धरून बसली आहे. पान धरते, गाळ धरते, खत धरते, आणि कधी कधी आपलं माणूसही धरून ठेवते. तिला झाडून टाकू नका.

कमलाक्षी रिकामी टोपली घेऊन परत फिरली, तेव्हा बलकांवातून आई हाक मारत होती. भटजी आले होते. त्या दिवशी ती घाईने चालली नाही.